समकालीन कवीची ओळख

केशवसुतांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक विकत घ्यावे असे एखाद्या रसिकाच्या मनात आले असते, तर ते त्याला पुण्यामुंबईच्या कोणत्याही दुकानात मिळाले नसते. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. असे पुस्तक अस्तित्वातच नव्हते. ज्या कवीला पुढे अर्वाचीन मराठी कवितेचा जनक म्हणून गौरविण्यात आले, तो १९०५ साली वारला तेव्हा त्याच्या नावाचा एकही संग्रह छापला गेलेला नव्हता. त्याच्या उपलब्ध कविता मोजल्या तर त्या दीडशेही भरत नाहीत. म्हणजे पुस्तक झाले असते तरी लहानसेच. पण तेवढेही त्याच्या डोळ्यांदेखत झाले नाही.

मग त्या काळच्या सुशिक्षित वाचकाला हा कवी कळला तरी कसा, आणि किती कळला? आपल्याच काळात, आपल्याच गावाशेजारी राहणारा कवी ओळखणे वाटते तितके सोपे नसते. जुन्या कवींची थोरवी पाठ्यपुस्तकांनी आधीच ठरवून दिलेली असते. समकालीन कवीच्या बाबतीत ते काम वाचकाला स्वतःच्या जबाबदारीवर करावे लागते, आणि त्यासाठी निदान त्याची कविता एकत्र हाती यावी लागते.

त्या काळी कवितेचा आसरा म्हणजे नियतकालिके. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या कादंबऱ्यांची प्रकरणे त्यात क्रमशः येत आणि घरोघरची मंडळी पुढच्या अंकाची वाट पाहत. त्याच अंकांतून अधूनमधून एखादी नवी कविता दृष्टीस पडे. जळगावास नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून 'काव्यरत्नावली' चालविली होती. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, आणि तेही पुण्यामुंबईपासून दूर खानदेशात, हे धाडस आजही थोडेथोडके वाटणार नाही. पुढे १८९५ पासून काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' निघू लागले. केशवसुतांची कविता अशा पत्रांतून विखुरलेली होती. वाचकाने ती वाचावी, आवडल्यास वहीत उतरवून घ्यावी. दुसरी कधी येईल, कोठे येईल, याचा नेम नसे. आणि 'करमणूक' घेणाऱ्या घरी 'काव्यरत्नावली' येत असेलच असेही नव्हते.

नावावरूनही काही बोध होत नसे. 'केशवसुत' म्हणजे केशवाचा मुलगा, एवढीच त्या नावाची फोड. कृष्णाजी केशव दामले हे खरे नाव किती वाचकांना ठाऊक असेल याची शंकाच आहे. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर, प्राप्ती बेताची आणि कुटुंब मोठे. शिक्षणासाठी बडोदे, नागपूर, पुणे अशी भ्रमंती झाली. नागपुरास नारायण वामन टिळकांची गाठ पडली आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात टिळक-आगरकरांच्या वातावरणाचा स्पर्श झाला. मॅट्रिकची परीक्षा पदरात पडली ती १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. घरचा एक भाऊ, मोरो केशव दामले, पुढे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून विद्वन्मान्य झाला. दुसऱ्याच्या हातून मात्र व्याकरणाच्या चौकटीत न मावणारे काहीतरी घडत होते, आणि त्याची दाद कोणाकडे मागावी हे त्यालाही कळत नसावे.

पुण्याच्या विद्यार्थिदशेतील त्यांची एक कविता आहे, 'दुर्मुखलेला'. वर्गातल्या ह्या विद्यार्थ्याचा चेहरा गुरुजींना रुचत नाही. हा नेहमीच आंबट तोंड करून बसलेला. त्यावर शिष्याने मनातल्या मनात दिलेले हे उत्तर आहे. आज ज्या मुखाला आपण हिणवता त्यातूनच उद्या जगाला हर्षविणारे काही बाहेर पडेल, असा त्याचा आशय. वर्गावर उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले त्यांनी ही कविता वाचून क्षणभर थांबावे अशी ती आहे. तीस-चाळीस पोरांत असा एखादा असतो, आणि तो बहुधा मास्तरांच्या नजरेतून सुटतोच. केशवसुत स्वतः पुढे मास्तरच झाले. वर्गातले दुर्मुखलेले चेहरे त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असतील, याची कल्पनाच करावी.

मॅट्रिकनंतरची वर्षे मुंबईत लहानसहान, तात्पुरत्या नोकऱ्यांत गेली. पैशाची ओढाताण कायमची. परंतु त्यांच्या कवितेचे हेच ऐन भरतीचे दिवस. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' ह्या दोन्ही कविता १८९३ च्या. त्याआधी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची कविता लिहून इंग्रजीतील सॉनेट त्यांनी मराठीत आणले. त्या रचनेला 'सुनीत' हे नाव अजून मिळायचे होते. केशवसुतांनी तिला साधे 'चतुर्दशक' म्हटले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि त्यापुढील वर्षी ते मुंबई सोडून खानदेशात गेले. प्रथम भडगाव, मग फैजपूर, आणि दोन्ही ठिकाणी मास्तरकी. फैजपूरचे नाव सर्व हिंदुस्थानात गाजले ते १९३६ सालच्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. पण त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी तेथील शाळेत मुलांना धडे देणारा एक अबोल मास्तर मराठी कवितेचा कायापालट करून बसला होता, हे गावाच्या ध्यानी किती आले असेल, न कळे. १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. मुंबईत ज्या रोगाने थैमान घातले होते त्यानेच त्यांना हुबळीस गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले, आणि त्यांच्यामागून थोड्याच दिवसांत त्यांची पत्नीही गेली.

आता त्या काळच्या वाचकाच्या जागी जाऊन पाहावे. त्याच्या वहीत 'तुतारी' असणार. जुन्या रूढींवर चाल करून जाण्याचे आवाहन करणारी ती कविता आगरकरांचा 'सुधारक' वाचणाऱ्या तरुणाला आपलीच वाटली असल्यास नवल नाही. कदाचित १८९८ चा 'नवा शिपाई'ही असेल. तो जातीपातीची आणि देशांची कुंपणे न मानणारा. एवढ्यावरून वाचकाने ठरविले की हा कवी म्हणजे सुधारकांचा शिंगाड्या. ही समजूत खोटी नव्हती, पण ती फार तर चार आणे खरी होती. शेजारच्या घरातील वाचकाच्या हाती 'झपूर्झा' पडली असेल. मुलींच्या खेळातल्या शब्दांची भराभर उच्चारणी होऊन बनलेले ते विलक्षण नाव, आणि आत सुखदुःखाच्या पलीकडील एका तंद्रीचे वर्णन; हे वाचून तो बुचकळ्यात पडला असेल आणि कवी दुर्बोध आहे असे म्हणून त्याने अंक मिटला असेल. दोघांनी बोलायला बसावे तर एकाचा केशवसुत दुसऱ्याला ओळखता येऊ नये! दोघेही प्रामाणिक वाचक; उणीव होती ती दोन्ही कविता एका बांधणीत नसण्याची.

तथापि त्या विखुरलेल्या वाचनाचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. महिन्याकाठी एखादीच कविता येई, म्हणून ती पाठ होईपर्यंत वाचली जाई. राम गणेश गडकऱ्यांनी अभिमानाने केशवसुतांचे शिष्यत्व पत्करले, ते त्यांचा संग्रह वाचून नव्हे. जळगावास १९०७ साली कविसंमेलन भरले आणि त्यात अवघ्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी 'बालकवी' ही पदवी दिली, तेव्हाही केशवसुतांचे पुस्तक निघालेले नव्हते. ज्यांना स्वतःला कविता करायची होती त्यांना मासिकाची फाटकी पाने पुरली. प्रश्न होता तो कवी नसलेल्या, पण कवितेची आवड असलेल्या सर्वसामान्य घरांचा.

हे काम अखेर हरिभाऊ आपट्यांनी अंगावर घेतले. आनंदाश्रमाचा कारभार आणि कादंबरीलेखन ह्यांतून वेळ काढून, ज्या कवीला आपल्या पत्रात जागा दिली होती त्याची कविता त्यांनी एकत्र केली, आणि 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक कवीच्या निधनानंतर सुमारे एका तपाने महाराष्ट्राच्या हाती आले. त्यानंतर हरिभाऊही फार दिवस राहिले नाहीत. १९१९ साली ते वारले. मराठी कादंबरीवरील त्यांच्या उपकारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी कवितेवरील ह्या एका उपकाराची मात्र त्या मानाने आठवण कमी होते.

केशवसुतांच्या बऱ्याच कवितांखाली स्थळ आणि तारीख आढळते. ती नुसती चाळली तरी मुंबई, भडगाव, फैजपूर असा एका गरीब शिक्षकाचा प्रवास डोळ्यांपुढून जातो. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' ह्या एकाच वर्षाच्या, हे तारखांवरूनच उमगते. मग सुधारकी केशवसुत आणि गूढ केशवसुत हे दोन वेगळे गृहस्थ आहेत ही समजूत टिकत नाही. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' ह्या कविता 'तुतारी'च्याही आधीच्या. म्हणजे सामाजिक दुःखाची कळ आवेशापूर्वीची आहे, आवेश मागाहून आला. आणि मग वाचक 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ह्या कवितेपाशी येतो. देशावर पडलेला कोकणचा माणूस, त्या दिशेने येणारा वारा अंगाला लागताच त्याला घर आठवते. ह्या कवितेत तुतारी नाही, शिपाई नाही. वहीत उतरवून घ्यावी अशी ती झटकन मनात भरतही नाही. परंतु तिच्यावाचून केशवसुतांची ओळख पुरी होत नाही, आणि अशाच कविता सुट्या अंकांतून हरवतात. अगदी शेवटच्या वर्षाची 'हरपले श्रेय' ही कविता तर आधीच्या सगळ्या कविता मागे असल्याखेरीज तिचे पुरते वजन दाखवीतच नाही.

संग्रह आला आणि कवी सर्वांचा झाला, ह्याचा एक गमतीचा पुरावाही आहे. 'आम्ही कोण?' ही केशवसुतांची कविता इतकी परिचित झाली, की आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये तिचे विडंबन केले आणि लोक पोट धरून हसले. मूळ कविता ठाऊक नसेल तर विडंबनाला हसू येत नाही. अत्र्यांनी ते पुस्तक लिहिले 'केशवकुमार' ह्या नावाने. त्यांच्याही वडिलांचे नाव केशवच होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती!

एकट्या केशवसुतांच्याच वाट्याला हे आले असते, तर तो दैवदुर्विलास म्हणून सोडून देता आले असते. पण त्या पिढीची यादीच विलक्षण आहे. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. त्यांचा संग्रह मागाहून निघाला. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. गोविंदाग्रज ह्या नावाने लिहिलेली त्यांची कविता 'वाग्वैजयंती' म्हणून १९२१ साली पुस्तकरूपाने आली. आणि ह्या सर्वांहून हृदयाला भिडणारी हकीकत आहे ती कवी दत्तांची. दत्तात्रेय कोंडो घाटे हे १८९९ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी वारले. त्यांचा मुलगा विठ्ठल तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच मुलाने मोठेपणी वडिलांच्या कविता गोळा करून १९२२ साली 'दत्तांची कविता' प्रसिद्ध केली. ज्या बापाचा चेहराही नीटसा आठवू नये त्याची ओळख मुलाने त्याच्या कविता एकेक करून जमवताना करून घेतली. दत्तांचे अंगाईगीत महाराष्ट्रातील कितीतरी घरांत म्हटले गेले. ज्याने ते ऐकायचे त्यानेच ते पुढे छापखान्यात नेले.

हे विठ्ठल दत्तात्रेय घाटे पुढच्या वर्षी, १९२३ साली, पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळात होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे ही त्यातील प्रमुख मंडळी. रविवारी जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्या आणि परखडपणे बोलावे, अशी बैठक. ह्या मंडळींची चेष्टाही पुष्कळ झाली, आणि त्यांतील काही कविता आज वाचवत नाहीत हेही खरे. परंतु एक गोष्ट त्यांनी निश्चयाने केली: आपल्या कवितेची पुस्तके आपल्या हयातीत काढली. त्यांचे कवी गावोगाव सभांतून स्वतः उभे राहून कविता गाऊन दाखवीत. घरी परत जाताना श्रोत्याच्या कानात कवीचा आवाज असे, आणि पुस्तक हवे असल्यास तेही मिळे. मागील पिढीच्या वाचकाला ह्यांतले काहीच लाभले नव्हते. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांत आयुष्य घालविलेल्या भास्करराव तांब्यांची कवितादेखील त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रंथरूप झाली. १९२० साली वा. गो. मायदेवांच्या खटपटीने, आणि १९३५ साली समग्र स्वरूपात माधव जूलियनांच्या संपादनाने.

येथून १९४२ साली यावे. नाशिकचा एक तरुण, विष्णु वामन शिरवाडकर, वय तीस. १९३२ साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्याने भाग घेतला होता, १९३३ साली 'जीवनलहरी' हा लहानसा संग्रह काढला होता, काही दिवस चित्रपटधंद्यात घालविले होते आणि मग वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून पोटापाण्याची सोय पाहिली होती. टोपणनाव 'कुसुमाग्रज', कुसुम ही त्याची बहीण, तिचा हा मोठा भाऊ. केशवसुतांनी बापाच्या नावाआड स्वतःला झाकले, ह्यांनी बहिणीच्या. कविता मासिकांतून येत होत्या, वाचल्या जात होत्या आणि पुन्हा पूर्वीच्याच वाटेने विखुरण्याच्या बेतात होत्या.

ह्या वेळी पुढे आले वि. स. खांडेकर. ते प्रकाशक नव्हते. १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली होती, आणि आता कोल्हापुरास राहून लेखणीवर चरितार्थ चालविणारे ते महाराष्ट्राचे लाडके कादंबरीकार होते. महायुद्ध सुरू होते, कागदाची टंचाई होती, आणि त्याच साली 'चले जाव'चा वणवा पेटला. अशा वेळी एका तरुण कवीचा संग्रह पदरचे पैसे खर्चून छापणे म्हणजे व्यवहारात बसणारी गोष्ट नव्हे. खांडेकरांनी ती केली, वर प्रस्तावनाही लिहिली, आणि 'विशाखा' मराठी घरांत आली.

ह्या पुस्तकाचे स्वागत कसे झाले ते सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेल्या तरुणांना त्यातील 'क्रांतीचा जयजयकार' तेवढा पुरेसा होता. परंतु त्याच बांधणीत 'पृथ्वीचे प्रेमगीत' होते. सूर्याभोवती युगानुयुगे फिरणारी आणि तरीही त्याच्यापासून दूर राहिलेली पृथ्वी तेथे बोलते. 'कोलंबसाचे गर्वगीत' होते आणि 'आगगाडी व जमीन'ही होती. एकीत सागराला आव्हान देणारा पुरुषार्थ, दुसरीत दडपल्या जाणाऱ्या मातीचे गाऱ्हाणे. जयघोषासाठी पुस्तक उघडणारा विद्यार्थी पान उलटताना प्रेमगीतावर अडखळे आणि प्रेमगीतासाठी उघडणारी त्याची बहीण आगगाडीपाशी थांबे. दोघांचा कुसुमाग्रज एकच होता. 'तुतारी'च्या वाचकाला जी ओळख कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी झाली, ती 'विशाखा'च्या वाचकाला कवी तिशीत असतानाच झाली. आणि कवीलाही आपण कोणासाठी लिहितो हे कळण्यास पुढे जवळजवळ साठ वर्षे मिळाली.

खांडेकरांना ही उमज कोठून आली असावी, याचा माग लावता येतो. केशवसुत हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय होता आणि पुढे त्यांच्या काव्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. ज्याने केशवसुतांचे चरित्र इतक्या जवळून पाहिले, त्याला दुसऱ्या कवीच्या कविता मासिकांत पडून राहिलेल्या पाहवल्या नाहीत, असे मानण्यास हरकत नाही. मराठीला ज्ञानपीठ पुरस्काराचा पहिला मान १९७४ सालचा, तो खांडेकरांना 'ययाति'साठी मिळाला. दुसरा १९८७ सालचा, तो कुसुमाग्रजांना. 'विशाखा' छापताना ह्याची कल्पना दोघांनाही असण्याचे कारण नव्हते. त्या वेळी एकाने दुसऱ्याच्या छपाईचे बिल भागविले होते, एवढेच.

मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी, कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक ह्यांच्या पुढाकाराने कवीचे स्मारक उभे केले. १९९४ साली त्याचे उद्घाटन झाले ते कुसुमाग्रजांच्या हस्ते. त्या वेळी त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे होते.